मिळतं की, सायेब

मादलाळच्या सरकारी आडाचा तळ शिमग्याच्या आधीच उघडा पडला. पोहरा सोडला की खाली दगडावर आपटल्याचा आवाज यायचा, आणि तो ऐकून बाया एकमेकींकडं न बघता दोर वर ओढायच्या. खरीप गेलंच होतं. रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन उभ्याउभ्या वाळली होती. उदगीरहून एक दिवसाआड टँकर येई. त्याचं पाणी आडात सोडायचं, असं सरकारी माणूस सांगून गेला होता. पण आडाला गळती आहे, सगळं मुरून जाईल, असं चंद्रप्पा मालक म्हणाले आणि टँकरचा पाइप त्यांच्या मोसंबीच्या बागेतल्या विहिरीत सुटायला लागला. सकाळी तिथून घरटी एक घागर मिळे. दुपारी मोटर चालू व्हायची आणि झाडांची आळी भिजायची. मोटरचा आवाज अख्ख्या गावात ऐकू यायचा. त्यावर कुणी काही बोलत नसे.

उमाबाई आणि गुणाबाई शेजारणी. दोन घरांत भिंत एकच, आणि त्या भिंतीला पडलेल्या खिंडारातून विस्तव, मीठ, कधी कालवणाची वाटी इकडून तिकडं जायची. उमाबाईचा नवरा संगप्पा आणि गुणाबाईचा नवरा भुजंग यांच्याकडं एकेकच बैल. दोघांची मिळून एक जोडी. गाडी संगप्पाची होती, औत भुजंगाचं. भुजंगाची आई केवळाबाई गावातल्या निम्म्या पोरांची सुईण. उमाबाईच्या दोन्ही लेकरांची नाळ तिनंच कापलेली. दुपारी ती आणि उमाबाईची सासू सिद्धम्मा भिंतीच्या सावलीत मिश्री लावत बसायच्या.

"आपला जिल्हा आता लातूर झालाय म्हनं," सिद्धम्मा म्हणाली.

"मी नांदाय आले तवा बीदर व्हता," केवळाबाई म्हणाली. "मंग उस्मानाबाद झाला. आता लातूर. मी हितंच बसलेली हाय माय, ह्येच जिल्हा हालवून राहिलेत."

नव्या जिल्ह्याचे साहेब टंचाई बघायला येणार, असा निरोप आला. आदल्या दिवशी चंद्रप्पा मालकांनी महादेवाच्या देवळापुढं गाव जमवलं. मालक कधी आवाज चढवत नसत. पांढरं धोतर, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती. लग्नकार्यात, मौतीत पहिले हजर.

"सायेब नवे, जिल्हा नवा," ते म्हणाले. "पैल्या भेटीत गावानं रडगानं गावं का? पानी भेटतं का इचारतील. भेटतं म्हना. तकरार करनाऱ्या गावाचा टँकर आदी बंद करतेत, मी बगितलंय. बाकी तुमी शाने हाव."

सगळ्यांनी माना हलवल्या. संगप्पानंही हलवली. भुजंग खाली मातीत काडीनं रेघा ओढत होता. त्यानंही हलवली असावी; निदान तो काही बोलला नाही.

साहेब आले ते उन्हं डोक्यावर असताना. जीप शाळेपुढं थांबली. तरुण माणूस, चष्मा घामानं घसरत होता. व्हरांड्यात खुर्ची मांडली. मालक बोलायला लागले तसं साहेबांनी हात केला. "तुम्ही नका सांगू. पाणी बायका भरतात, बायकांना सांगू द्या."

बाया रांगेनं भिंतीशी उभ्या होत्या, पदर दातांत धरून. साहेब एकेकीला विचारत गेले.

"पाणी मिळतं का?"

"मिळतं," मालकांच्या भावकीतली जगदेवी म्हणाली.

"मिळतं, सायेब," सिंधु म्हणाली.

"मिळतं."

"मिळतं की."

गुणाबाईपर्यंत आले तेव्हा ती साहेबांच्या तोंडाकडं बघत होती. "न्हाई मिळत," ती म्हणाली. "टँकर मालकाच्या हिरीत रिकामा हुतो. घरात सा मानसं, एक घागर. तेवढ्यात प्यावं का शिजवावं?"

कुणीतरी खोकलं. मालकांनी उपरण्यानं मान पुसली. साहेब पुढच्या बाईकडं वळले. ती उमाबाई होती.

"तुम्ही शेजारी का यांच्या?"

"हाव."

"खरं आहे का हे?"

त्याच सकाळी दोघींनी मिळून खिंडारापाशी गुणाबाईच्या घागरीतलं अर्धं पाणी उमाबाईच्या हंड्यात ओतलं होतं, कारण सिद्धम्माला ताप होता. उमाबाईला ते आठवत होतं. तिनं संगप्पाकडं बघितलं. तो जीपच्या चाकाकडं बघत होता. रांगेतल्या सगळ्या बाया समोर बघत होत्या. मग तिचाच आवाज तिच्या कानावर आला.

"मिळतं की, सायेब."

तिच्या पुढच्या बायाही तेच म्हणत गेल्या, आता जरा घाईनं. साहेब हसले. "म्हणजे एकट्या तुम्हालाच मिळत नाही का बाई?"

गडी हसले. मग बाया हसल्या. गुणाबाईनं मान वळवली तेव्हा उमाबाईच्या तोंडावरही हसू होतं. ते कधी आलं तिला कळलं नव्हतं, आणि आता ते पुसावं कसं हेही कळेना.

त्या दिवशी खिंडारातून गुणाबाईनं एवढंच विचारलं, "उमाक्का, मीच खुळी का गा?"

"तसं न्हाई," उमाबाई म्हणाली. "पर तू बी... सगळे एक बोललालेत तर आपन येगळं कामून बोलावं?"

आठवड्याभरात टँकर बंद झाला. मादलाळला पाणी पुरतंय, गावकऱ्यांची तक्रार नाही, तेव्हा गाडी दुसऱ्या गावाला लावली, असं ड्रायव्हरनं सडकेवर कुणाला तरी सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्याचं देवळापुढं दुसरंच झालं होतं: गुणाबाई उलटं बोलली, साहेबांना राग आला, म्हणून टँकर गेला. संगप्पानं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"पर सायेबाला तर आपनच म्हनलं की..." उमाबाई बोलता बोलता थांबली.

"काय म्हनलं?"

"काई न्हाई."

"तिनं तोंड उगडलं नसतं तर आला असता टँकर," संगप्पा म्हणाला आणि भाकरीचा तुकडा माडग्यात बुडवला. हुलग्याचं माडगं पातळ होतं. त्यानं ते वाटी उचलून प्यायलं. "अख्ख्या गावापेक्षा ती शानी का?"

रोजगार हमीतून गावच्या माळाला पाझर तलावाचं काम चाललं होतं. गडी खणत, बाया माती वाहत. मातीनं भरलेली पाटी एकटीच्यानं डोक्यावर जात नाही. दोघींनी दोन बाजूंनी धरून उचलावी लागते. एक चुंबळीवर घेते, मग ती दुसरीला उचलू लागते. उमाबाई आणि गुणाबाईची पाटी पहिल्या दिवसापासून एकत्र.

त्या सोमवारी मुकादम पंचाक्षरी म्हणाला, "उमाबाई, तुमी सिंधुसंगं." आणि पुढं गेला. का ते सांगितलं नाही. गुणाबाईला कुणासोबत तेही सांगितलं नाही.

उमाबाई सिंधुकडं गेली.

गुणाबाईनं पाटी भरली आणि उभी राहिली. जवळून बाया येत होत्या, जात होत्या. जरा वेळानं तिनं पाटी एकटीनंच उचलली, आधी मांडीवर टेकवली, मग पोटाशी, मग वाकून हिसका देऊन डोक्यावर. अर्धी माती केसांत आणि मानेवर सांडली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. बांधावर पाटी रिकामी करून ती परत आली तेव्हा घामानं त्या मातीचा चिखल होऊन कानामागून ओघळत होता. दुपारपर्यंत तिच्या मांडीवर पाटीच्या कडेचा काळानिळा वळ उठला.

"तुजी पाटी निम्मीच भरत्येय, बाई," पंचाक्षरी म्हणाला. "असं न्हाई चालायचं."

"कुनी उचलू लागलं तर भरंल की."

"मी कुनाला न्हाई म्हनलं का? ईचारा ह्यास्नी."

त्यानं बायांकडं हात केला. बाया पाट्या घेऊन निघाल्या होत्या.

सिंधु चालता चालता उमाबाईला म्हणाली, "लई ताठा हाय तिला." उमाबाई हूं म्हणाली. मग तिला वाटायला लागलं, की ताठा आहे खरा. परवा खिंडारातून मीठ मागितलं तेव्हा गुणाबाईनं मूठ कशी जोरात पुढं केली होती. गावातल्या एका लग्नात आहेराचं लुगडं आणलं तेव्हाही आपल्यापेक्षा भारीच आणलं होतं. एकेक आठवत गेलं. उन्हात पाटी वाहताना असं आठवत राहिलं की पायांना जरा कमी भाजायचं.

भिंतीच्या खिंडारात संगप्पानं एका दुपारी वाळलेल्या तुराट्या कोंबल्या. "मांजर येतं," तो म्हणाला. सिद्धम्मा सावलीत एकटी बसायला लागली. पलीकडून केवळाबाईचा खोकला ऐकू आला की ती मिश्रीचं बोट तोंडातच ठेवून ऐकत राही.

टँकर गेल्यावर मालकांनी विहिरीला कुलूप घातलं. झाडं मेली तर दहा वर्षांची मेहनत जाते, ते म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटलं. आता पाणी म्हणजे नदीच्या वाळूतला झिरा. वाळूत खड्डा खणायचा, काठाशी बसायचं, वाटीवाटीनं पाणी जमेल तसं घागरीत घ्यायचं. घागरी रांगेनं ठेवलेल्या. गुणाबाईची घागर रांगेतून कुणी काढली नाही. एवढंच, की तिची पाळी आली की मागची बाई आपली घागर पुढं सरकवायची, आणि तिच्या मागची तिची. गुणाबाई एकदा भांडली, एकदा रडली, एकदा नुसतीच बसून राहिली. एका सकाळी उमाबाईची घागर तिच्या मागंच होती. उमाबाईनं आधी हात लावला नाही. मग मागून जगदेवी म्हणाली, "काय बगलालीस? सरक की पुढं." उमाबाईनं घागर पुढं सरकवली. वाळूवर ती ओढल्याचा खरखर आवाज झाला.

त्यानंतर गुणाबाई झिऱ्यावर आली नाही. गावाबाहेरच्या जुन्या खदानीत हिरवं पाणी होतं. जनावरं त्यात उतरायची. ती तिथून भरायला लागली, पदराच्या तीन पदरांतून गाळून.

चैत्र सरता सरता केवळाबाईला हगवण लागली. सकाळी उलट्या सुरू झाल्या. दिवस कासराभर वर आला तेव्हा भुजंग संगप्पाच्या दारात उभा होता. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"संगप्पा, गाडी पायजे. आईला सडकंपत्तुर न्यावं लागतंय. तिथून उदगीरला जाईन कशानं बी."

संगप्पा बैलापुढं कडबा टाकत होता. "लई हाय का?"

"डोळे खोल गेलेत."

"बस. आलोच मी."

उमाबाईला वाटलं, तो जू आणायला गेला. तो मालकांच्या बागेकडं गेला.

चंद्रप्पा मालक मोसंबीच्या एका झाडाशी उभे होते. पानं आत वळली होती. संगप्पानं हात जोडले. "शरनार्ती, अण्णा."

"शरनार्ती. काय रं?"

"भुजंग गाडी मागलालाय. त्येच्या आईला न्यायची हाय."

"मंग?"

"इचारावं म्हनलं."

मालकांनी एक पान तोडून बोटांत चुरगाळलं. "मला कशाला इचारतोस? गाडी तुजी. मी कवा कुनाला आडवलंय?"

"तसं न्हाई अण्णा. गावात..."

"गावाचं मी कसं सांगू? आजारी मानसाला न्यावंच. तुला वाटतंय तसं कर. शाना हाईस."

संगप्पानं पुन्हा हात जोडले. जा म्हणाले असते तर तो धावत गेला असता. नको म्हणाले असते तर तेही घरी जाऊन सांगता आलं असतं. परतताना तो देवळाच्या कट्ट्याशी थांबला. चारपाच जण बसले होते. त्यानं भुजंगाच्या आईचं सांगितलं. सगळे च्‌च्‌ करून चुकचुकले. "म्हातारी चांगली हाय," एक म्हणाला. "आमची सगळी तिच्याच हातची," दुसरा म्हणाला. संगप्पा वाट बघत राहिला, कुणीतरी पुढचं बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही. एकानं त्याला बिडी दिली. ती संपेपर्यंत तो बसला.

घरी आला तेव्हा भुजंग तिथंच होता. त्यानं जू आणून गाडीला टेकवून ठेवलं होतं. आपला बैलही आणला होता.

"आख तडकलाय, भुजंगा," संगप्पा म्हणाला. "सुताराला दावाय पायजे. वाटंत मोडला तर आनखी पंचाईत."

भुजंग वाकला. त्यानं दोन चाकांमधल्या आखाला हात लावला, बोटानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपलं. आख धड होता. दोघांनी मिळूनच तो मागच्या साली बसवला होता.

"बरं," भुजंग म्हणाला.

तो बैल घेऊन गेला. थोड्या वेळानं आईला पाठीवर घेऊन बाहेर पडला. तिचे हात त्यानं आपल्या गळ्यात धोतराच्या फडक्यानं बांधले होते. गुणाबाई मागून तांब्या घेऊन चालत होती. उमाबाई दाराआडून बघत होती. मागून सिद्धम्मा म्हणाली, "मी तिला बगून येऊ का गं?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा बसली.

सडक दोन कोसांवर. अर्ध्या वाटेत, बाभळीखाली टेकवली तेव्हा म्हातारी गेलेली होती. भुजंगानं तिला तशीच पाठीवर घेऊन परत आणली.

उन्हामुळं मढं ठेवता येणार नव्हतं. गुणाबाईचा भाऊ सटवाजी मुखेडला. त्याला निरोप पोचायलाच दिवस मोडला असता. गुणाबाईनं खदानीच्याच पाण्यानं सासूला आंघोळ घातली. भुजंगानं वेळू तोडून तिरडी बांधली. बांधताना दोर धरायला दुसरा माणूस लागतो. त्यानं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं.

सगळं गाव दारांत होतं. कामावरून लोक लवकर परतले होते. गडी माणसांनी डोक्याला रुमाल गुंडाळले होते, मौतीला निघताना गुंडाळतात तसे. समोरच्या घरात पंचाक्षरी चप्पल काढून अनवाणी उभा होता. सिंधुनं पदर डोक्यावरून घट्ट ओढला होता. जगदेवीच्या हातात बुक्क्याची पुडी होती. संगप्पानं सदरा बदलला होता. सगळे भुजंगाच्या दाराकडं बघत आणि मग एकमेकांकडं.

तिरडी उचलायची वेळ झाली. भुजंग पुढं झाला, त्यानं पुढचे दोन्ही वेळू दोन खांद्यांवर घेतले. मागं गुणाबाई वाकली. बाई मसणवाट्यात जात नाही, बाई खांदा देत नाही. तिनं कासोटा घट्ट केला, मागचे वेळू धरले आणि एका गुडघ्यावर जोर देऊन उठली. त्यांची थोरली पोरगी विस्तवाचं मडकं घेऊन पुढं उभी राहिली. पोरगीला ते जड होत होतं.

उमाबाईचा पाय उंबऱ्याबाहेर पडला. धुळीत. धूळ तापलेली होती.

"उमा," संगप्पा हळू म्हणाला. "सगळे थांबलेत."

तिनं गल्लीत वर बघितलं, खाली बघितलं. सगळे थांबलेले होते. सगळ्यांचे डोळे आता तिच्या पायाकडं होते. तो पाय तिनं आत घेतला.

तिरडी गल्लीतून गेली. गुणाबाईची उंची कमी, त्यामुळं तिरडी मागं कललेली, म्हातारीचं शरीर खाली घसरत होतं. गुणाबाई ते छातीनं वर ढकलत चालली होती. तिनं कुणाच्याही दाराकडं बघितलं नाही. ती पुढच्या वळणाला दिसेनाशी झाली तेव्हा भुजंगाच्या ओसरीवर अंगाखालचं ओलं फडकं आणि तुळशीची वाळकी काडी पडली होती. गल्लीत बराच वेळ कुणी दार लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी तलावावर सिंधुनं पाटी उचलता उचलता म्हटलं, "काल तू पाय टाकलीस तवा मी बी निगालेच व्हते बग. तू पुडं झाली असतीस तर मी आलेच असते."

उमाबाईनं पाटी तशीच धरून ठेवली.

"आमचं मानूस तर रुमाल गुंडाळून हुबं व्हतं," जगदेवी म्हणाली. "म्हनत व्हतं, एकानं निगावं, मी दुसरा."

पंचाक्षरी बांधावर बसला होता. त्यानं ऐकलं. "मला वाटलं संगप्पा जाईल," तो म्हणाला. "शेजारी त्यो. त्यो न्हाई निगाला, मंग मी म्हनलं, काईतरी असंल."

दुपारी भाकरीला बसल्यावर आणखी दोघीतिघींनी तेच सांगितलं. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चंद्रप्पा मालकही म्हणे काल दुपारपासून जेवले नव्हते, देवळात बसून होते, कुणी बोलवायला येईल म्हणून. बाया भाकरी न खाता फडक्यात परत बांधत होत्या. कुणीही नको म्हणालं नव्हतं. उमाबाईनं मनात एकेक घर घेतलं, वरच्या गल्लीपासून खालच्या गल्लीपर्यंत. ज्यानं अडवलं असं एकही घर तिला सापडेना.

मग पंचाक्षरीनं शिट्टी मारली आणि सगळे उठले.

सुतक फिटल्यावर सटवाजी आला. भुजंगानं बैल त्याच्या हवाली केला आणि मुखेडकडं, तिथून पुढं निजामाबादच्या बाजूला वीटभट्टीवर जायचं ठरवलं. निघायची तयारी चालली तेव्हा सकाळची उन्हं अंगणात आली होती. सोबत एक ट्रंक, दोन बोचकी; जातं तेवढं मागं राहिलं.

उमाबाईनं पहाटेच भाकऱ्या थापल्या होत्या. चटणी घालून फडक्यात बांधल्या. संगप्पा तुराट्यांच्या भाऱ्यावर बसून दोरी वळत होता. त्यानं फडकं बघितलं आणि दोरीत मान घातली. उमाबाई परसातून बाहेर पडली, उकिरड्याला वळसा घालून त्यांच्या मागच्या कुडाशी गेली.

"गुणा."

गुणाबाई बोचकं बांधत होती. तिनं वर बघितलं. चेहरा काळवंडला होता, खांद्यावर वेळूनं सोललेल्या जागी खपली धरली होती. उमाबाईनं कुडावरून फडकं पुढं केलं. भाकऱ्या अजून कोमट होत्या. तिला पुष्कळ सांगायचं होतं. त्या दिवशी सगळेच निघाले होते, सगळेच, हेही सांगायचं होतं.

गुणाबाई उठून कुडापाशी आली. हात पुढं केला नाही. तिनं उमाबाईच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. रस्त्यानं झिऱ्याकडं बाया चालल्या होत्या, त्यातली एक थांबून इकडं बघत होती.

"लोक बगलालेत, उमाक्का," गुणाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुला हितंच ऱ्हायचंय. जा घरी."

उमाबाईनं म्हणायला हवं होतं, बघू दे. गुणाबाई वळून बोचक्याची गाठ आवळायला लागली.

उमाबाईनं फडकं पदराखाली घेतलं आणि आल्या वाटेनं परत फिरली. चालताना तिच्या लक्षात आलं, की छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालंय, पावलं भराभर पडतायत. गुणानंच जा म्हटलं होतं. सांगितल्याप्रमाणं ती घरी चालली होती.